गीत जपण्यासाठी साधनांची निवड

(घरच्या संगणकावर गीतांचे ध्वनिमुद्रण करू इच्छिणाऱ्यांसाठी अभ्यासपाठ)

शास्त्रपाठ: निर्गम ३५:३०-३५, १ इतिहास १५:१६-२२, लूक १४:२८-३०, १ करिंथ १४:७-९.

पाठाचा हेतू: ध्वनिमुद्रणाची साधने निवडताना काय पाहावे, काय टाळावे आणि ही निवड कारभारीपणाचा भाग कशी आहे, हे समजून घेणे.

प्रास्ताविक

मराठी मंडळ्यांना गीतांचा मोठा वारसा लाभला आहे. कृष्णराव सांगळे, रेव्ह. नारायण वामन टिळक (१८६१-१९१९) ही नावे आपल्या घरोघरी ठाऊक आहेत. नागपूर-राजनांदगावच्या वाटेवर आगगाडीत एका गोऱ्या सहप्रवाशाने टिळकांच्या हाती नवा करार दिला आणि पुढे १८९५ साली मुंबईत त्यांचा बाप्तिस्मा झाला, ही हकीकत लक्ष्मीबाई टिळकांच्या 'स्मृतिचित्रे'मुळे सर्वांना माहीत झाली. राजनांदगाव आमच्या बालाघाट भागापासून फार दूर नाही. टिळकांनी अभंग व ओवी यांच्या देशी वळणात गीते रचली आणि ती पेटी-तबल्यावर गावोगावच्या मंडळ्यांत पसरली.

शब्द छापलेले आहेत, ते उद्याही मिळतील. चालीचे तसे नाही. एकच गीत अहमदनगरकडे एका चालीत म्हणतात, तर वैनगंगेच्या खोऱ्यात दुसऱ्या. ही दुसरी चाल कोठेही लिहिलेली नसते. ती चार-दोन वडीलजनांच्या कंठात असते.

आमच्या भरवेलीसारख्या ठिकाणी ही गोष्ट विशेष जाणवते. येथील मँगनीजची भूमिगत खाण आशियातील अत्यंत खोल खाणींत गणली जाते. खाणीच्या कामासाठी माणसे निरनिराळ्या गावांहून येतात आणि येताना आपापल्या गावची चालही आणतात. नोकरी संपली की कंपनीचे क्वार्टर सोडावे लागते. कुटुंब कोणी गोंदियाकडे, कोणी नागपूरकडे निघून जाते. घरातले सामान ट्रकमध्ये भरले जाते. चाल मात्र कोणी बांधून ठेवत नाही. वडील गेले की ती त्यांच्याबरोबर जाते.

म्हणून पुष्कळ मंडळ्यांतील तरुण आता म्हणतात, "आपण घरच्या घरी ध्वनिमुद्रण करू." हा विचार स्तुत्य आहे. पण लगेच पुढचे प्रश्न उभे राहतात. सॉफ्टवेअर कोणते घ्यावे? प्लगइन म्हणजे काय? फुकट मिळते ते घ्यावे की नाही? या प्रश्नांचा आपण क्रमाने विचार करू.

१. आधी हेतू ठरवा

बुरूज बांधू इच्छिणारा मनुष्य आधी बसून खर्चाचा हिशेब करतो, असे प्रभूने लूकच्या चौदाव्या अध्यायात सांगितले. येथेही प्रथम बसावे आणि ठरवावे की आपल्याला काय करायचे आहे.

पहिले काम जतनाचे. वृद्ध भगिनी किंवा बंधू स्वतःच्या पेटीवर जसे गातात तसे ते टिपून ठेवायचे. यात सजावट नको. ते दोन मात्रा थांबले तर तेही राहू द्यावे.

दुसरे काम शिकवण्याचे किंवा नव्या रचनेचे. गायनसंघाला शिकता यावे म्हणून पेटी, तबला, झांजा, मुख्य आवाज आणि साथीचे आवाज निरनिराळे घेऊन नंतर एकत्र करायचे.

पहिल्या कामाला अगदी साधे सॉफ्टवेअर पुरते. दुसऱ्याला अनेक ट्रॅक सांभाळणारे लागते. पुष्कळांना पहिलेच काम करायचे असते, पण दुसऱ्याच्या साधनांमागे लागून त्यांचे सहा महिने जातात आणि तेवढ्या काळात गाणारे वडील आजारी पडतात. हेतू निश्चित असला म्हणजे अर्धी निवड आपोआप होते.

२. सॉफ्टवेअरची निवड

ऑडॅसिटी. हे सन २००० पासून लोकांना मिळत आहे. अमेरिकेतील कार्नेगी मेलन विद्यापीठात त्याचा आरंभ झाला. २०२१ पासून ते म्यूज ग्रुप या संस्थेकडे आहे. ते फुकट आहे आणि त्याचा मूळ कोडही सर्वांना खुला आहे. विंडोज, मॅक आणि लिनक्स या तिन्हींवर चालते. आवाज घेणे, नको तो भाग कापणे, पंख्याची घरघर कमी करणे आणि शेवटी एमपी३ तयार करणे, इतके सर्व त्यात होते. जतनाच्या कामासाठी आम्ही प्रथम याचेच नाव सांगू.

रीपर. शिकवणीच्या व रचनेच्या कामासाठी हे फार सोयीचे आहे. ते जुन्या संगणकावरही चालते आणि उतरवून घेण्यास फार वेळ लागत नाही. आपल्याकडच्या मंद इंटरनेटला हे महत्त्वाचे. मात्र ते फुकट नाही. साठ दिवस वापरून पाहण्याची मोकळीक आहे. त्यानंतर घरगुती वापरासाठी व लहान संस्थांसाठी ६० डॉलरचा परवाना घ्यावा लागतो. साठ दिवसांनंतरही हे सॉफ्टवेअर बंद पडत नाही, फक्त आठवण करून देत राहते. कुलूप नाही म्हणून घरात शिरावे काय, हा प्रश्न येथे प्रत्येकाच्या विवेकबुद्धीला आहे. तरुण संघाने वर्गणी करून एक परवाना घेणे अशक्य नाही.

आर्डर. लिनक्स वापरणाऱ्यांसाठी हे उत्तम. त्याचा कोड खुला आहे. तयार प्रत मात्र त्यांच्या संकेतस्थळावरून थोडे मूल्य देऊन घ्यावी लागते.

गॅरेजबँड. ॲपलचा संगणक, फोन किंवा टॅब्लेट असेल त्यालाच हे मिळते व फुकट मिळते. केवळ यासाठी कोणी ॲपलचा संगणक विकत घेऊ नये.

बँडलॅब. संगणकच नसेल तर हे फोनवर किंवा ब्राउझरमध्ये चालते. यात काम इंटरनेटवर साठवले जाते, म्हणून तयार झालेली प्रत आपल्याजवळ उतरवून ठेवण्याची सवय हवी.

यांतील कोणते घ्यावे? आमच्या मते कसोटी अशी असावी: मंडळीतील दुसऱ्या एका व्यक्तीला ते शिकवता येईल काय? एकालाच येणारे साधन तो मुलगा शिक्षणासाठी जबलपूरला किंवा पुण्याला गेला की बंद पडते. बसालेलाला देवाने कौशल्य दिले. त्याबरोबर त्याला व अहलियाबाला दुसऱ्यांस शिकवण्याची बुद्धीही दिली, हे निर्गमाच्या पस्तिसाव्या अध्यायात आवर्जून सांगितले आहे. शिकवता येणे हा कौशल्याचाच भाग आहे.

३. प्लगइनपूर्वी खोली

बिघडलेला आवाज प्लगइनने सुधारेल अशी पुष्कळांची समजूत असते. ती खरी नाही. मुळात आवाज नीट घेतला असेल तर प्लगइनला थोडेच काम उरते. म्हणून पुढील गोष्टी पाळाव्यात.

खोली रिकामी नको. गादी, रजई, कपड्यांची दांडी, पुस्तके असलेली खोली चांगली. उघड्या भिंतींच्या व पत्र्याच्या खोलीत आवाज घुमतो. पंखा बंद ठेवावा. खाणीकडचे ट्रक कमी असतील अशी वेळ निवडावी.

मायक्रोफोन तोंडापासून एक ते दोन विती अंतरावर, थोडा बाजूला ठेवावा. पेटीचा आवाज मोठा असतो. ती मागे सरकवावी, गाणारा पुढे असावा.

आवाजाची पातळी शून्य डेसिबलला कधी लागू देऊ नये. सर्वांत मोठा स्वरही उणे बारा ते उणे सहा यांच्या दरम्यान राहील असे पाहावे. शून्याच्या पुढे गेलेला आवाज फाटतो आणि फाटलेला आवाज नंतर नीट जोडता येत नाही.

गीत सुरू होण्यापूर्वी पाच सेकंद सर्वांनी शांत राहावे. त्या शांततेत खोलीची जी घरघर टिपली जाते, तीच नमुना म्हणून दाखवली की ऑडॅसिटी बाकीच्या भागातली तशी घरघर कमी करते. पण हे बेताने करावे. अति केल्यास आवाज पाण्यातून आल्यासारखा वाटतो.

निरनिराळे ट्रॅक घेताना गाणाऱ्याने हेडफोन लावावा, म्हणजे आधीची पेटी पुन्हा मायक्रोफोनमध्ये शिरत नाही. हेडफोनमध्ये स्वतःचा आवाज उशिरा ऐकू आला तर सॉफ्टवेअरमधील 'बफर' कमी करावा. ४४,१०० नमुन्यांच्या गतीला २५६ चा बफर म्हणजे सुमारे सहा मिलिसेकंद. यंत्राच्या इतर भागांत आणखी थोडा वेळ जातो, तरी एवढ्याने गाणारा सहसा अडखळत नाही. विंडोजवर त्रास होत असेल तर 'एएसआयओ४ऑल' हा फुकट मिळणारा ड्रायव्हर बहुधा उपयोगी पडतो.

४. प्लगइन थोडे आणि ओळखीचे असावेत

मुख्य सॉफ्टवेअरच्या आत बसणारे छोटे सॉफ्टवेअर म्हणजे प्लगइन. स्टाइनबर्ग या जर्मन कंपनीने १९९६ साली व्हीएसटी नावाची पद्धत आणली. तेव्हापासून एकाने केलेले प्लगइन दुसऱ्याच्या सॉफ्टवेअरमध्ये बसू लागले. ॲपलची पद्धत एयू आणि लिनक्सवर प्रचलित असलेली एलव्ही२. प्लगइन उतरवण्यापूर्वी आपल्या सॉफ्टवेअरला कोणती पद्धत चालते आणि ते ६४ बिटचे आहे काय, हे पाहून घ्यावे. ऑडॅसिटीत २०२२ च्या ३.२ आवृत्तीपासून गीत ऐकता ऐकता प्लगइनचा परिणाम बदलता येतो.

आपल्या कामाला मुख्यतः तीन प्रकार पुरतात.

(अ) इक्वलायझर. हा आवाजातील जाड व बारीक भाग कमी-जास्त करतो. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे ५० व १०० हर्ट्झवर गुणगुण येते. साधारण ८० हर्ट्झच्या खालचा भाग काढला तर मानवी आवाजाला फारसा धक्का न लागता गीत स्वच्छ होते. टोकियो डॉन या संस्थेचा 'टीडीआर नोव्हा' यासाठी फुकट मिळतो आणि चांगला आहे.

(आ) कॉम्प्रेसर. हा मोठे स्वर थोडे आवरतो, म्हणजे हळू म्हटलेले शब्दही ऐकू येतात. रीपरमध्ये तो व इक्वलायझर आधीपासूनच असतात. विंडोजवरील इतर सॉफ्टवेअरसाठी तेच 'रीप्लग्ज' या नावाने फुकट दिले जातात.

(इ) रिव्हर्ब. हा खोलीचा किंवा मंदिराचा घुमारा देतो. 'ड्रॅगनफ्लाय रिव्हर्ब' खुला व फुकट आहे. त्यातील लहान खोलीचा प्रकार भजनाला शोभतो. व्हालहालाचे 'सुपरमॅसिव्ह' २०२० पासून फुकट मिळते आणि तरुणांना फार आवडते. पण त्याचा घुमारा आभाळाएवढा असतो. त्यात शब्द बुडतात. बासरी किंवा वीणा यांच्या नादांत भेद कळला नाही तर काय वाजवले ते कसे समजावे, असे पौल करिंथकरांस विचारतो. घुमारा किती ठेवावा याची कसोटी तीच: पहिल्यांदा ऐकणाऱ्याला प्रत्येक शब्द कळला पाहिजे.

चौथा प्रकार सुराची दुरुस्ती करणाऱ्या प्लगइनचा. 'जीस्नॅप', 'एमऑटोपिच' ही त्यांतील फुकट मिळणारी नावे. नव्या गायकाच्या शिकवणीत त्यांचा थोडा उपयोग होईल. जतनाच्या ध्वनिमुद्रणाला मात्र त्यांचा स्पर्शही नको. ही साधने प्रत्येक स्वर पियानोच्या बारा पट्ट्यांवर ओढून बसवतात. आपल्या भजनांतील मींड, हलका कंप, दोन पट्ट्यांच्या मधला स्वर हे सर्व त्यात पुसले जाते. ज्या चालीसाठी आपण बसलो, तीच सपाट झाली तर जतन कशाचे केले?

तालाबाबतही असेच. सॉफ्टवेअरची टिकटिक बहुधा चार मात्रांवर बेतलेली असते. आठ मात्रांचा कहरवा व भजनी ठेका तीत बसतो. सहा मात्रांच्या दादऱ्यासाठी ती बदलून घ्यावी लागते. वडीलजन गात असतील तेव्हा टिकटिक बंदच ठेवावी.

संगणकातील वाद्ये बहुधा ४४० हर्ट्झच्या प्रमाणावर असतात. जुनी पेटी त्यापेक्षा थोडी वर किंवा खाली असू शकते. दोन्ही एकत्र वाजवायची असतील तर संगणकातले वाद्य पेटीकडे सरकवावे. पेटीला सरकता येत नाही.

५. फुकट आणि चोरीचे यांतील भेद

हा भाग शिक्षकांनी विशेष काळजीने घ्यावा. वर सांगितलेली फुकट साधने त्यांच्या कर्त्यांनी स्वेच्छेने दिली आहेत. ती दान आहेत, कृतज्ञतेने घ्यावीत. पण बाजारात व इंटरनेटवर महागड्या सॉफ्टवेअरच्या 'क्रॅक' केलेल्या प्रतीही फिरतात. त्याही फुकट असतात, तरी त्या कोणी दिलेल्या नाहीत. त्या घेतलेल्या आहेत. आपल्या देशाच्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे जाणूनबुजून अशी प्रत वापरणे हा गुन्हा ठरतो. शिवाय अशा प्रतींतून व्हायरस येतो आणि वर्षाचे काम एका दिवसात जाते.

कोणी म्हणेल, "पण आम्ही तर देवाचे गीत करतो आहोत." दाविदाला अरवनाचे खळे फुकट मिळत असता त्याने ते दाम देऊन घेतले, कारण ज्याची किंमत आपण दिली नाही असे अर्पण त्याला वाहावयाचे नव्हते (२ शमुवेल २४:२४). मग दानात मिळालेले सॉफ्टवेअर अर्पणात चालेल काय? चालेल. दाविदाचा मुद्दा आपल्या बाजूने काहीतरी वेचण्याचा होता. येथे आपण पैसा नाही तर वेळ, अभ्यास आणि वडीलजनांच्या पायाशी बसण्याची सबुरी वेचतो. चोरीच्या प्रतीत मात्र किंमत दुसऱ्याच कोणाला भरावी लागते.

हाच न्याय गीतांनाही लागू आहे. आपल्या कायद्यात कवीच्या मृत्यूनंतर साठ वर्षांपर्यंत हक्क राहतो. टिळक १९१९ साली वारले, त्यांच्या शब्दांवर आता बंधन उरलेले नाही. पण हयात असलेल्या किंवा अलीकडे वारलेल्या कवीचे गीत ध्वनिमुद्रित करून पसरवायचे असेल तर परवानगी घ्यावी. दुसऱ्याच्या कॅसेटवरील संगीत उचलून आपल्या गीतामागे लावणे तर मुळीच योग्य नाही.

६. नाव, तारीख आणि साठवण

१९०२ साली कलकत्त्यात गौहर जान यांचे गाणे ग्रामोफोनसाठी घेतले गेले. त्या काळी तबकड्या जर्मनीत तयार होत. तेथील कारागिरांना गायिका कोण हे कळावे म्हणून गाण्याच्या शेवटी त्या स्वतःचे नाव सांगत. ही पद्धत आपणही घ्यावी. गीत संपल्यावर गाणाऱ्याने स्वतः सांगावे: नाव, मूळ गाव, ही चाल कोणाकडून शिकलो, आणि तारीख. फायलीचे नाव बदलेल, कागद हरवेल, पण आवाजातच सांगितलेले राहील.

मूळ प्रत डब्ल्यूएव्ही प्रकारात ठेवावी. वाटण्यासाठी एमपी३ करावी. १६ बिटची दोन वाहिन्यांची डब्ल्यूएव्ही मिनिटाला सुमारे दहा एमबी जागा घेते, म्हणजे पाच मिनिटांच्या गीताला पन्नास एमबी. आजच्या पेनड्राइव्हला हे ओझे नाही. एक प्रत संगणकात, एक पाळकांच्या घरी आणि एक गावाबाहेरच्या नातलगाकडे असावी. मूळ प्रतीवर कधीही प्लगइन चालवू नये. नेहमी तिची नक्कल घेऊनच काम करावे.

समारोप

कोश यरुशलेमेत आणताना गायनाची दोरी कनन्याच्या हाती दिली होती, कारण तो त्यात कुशल होता. वाद्ये, गाणारे, द्वारपाळ, सर्वांची कामे तेथे वाटून दिलेली दिसतात. आपल्याही मंडळीत एकाने पेटी सांभाळावी, एकाने संगणक, एकाने वही, आणि एकाने वडीलजनांना घरून आणण्याचे काम करावे. साधने थोडी, न्याय्य मार्गाने मिळवलेली आणि दुसऱ्याला शिकवता येण्याजोगी असावीत. उत्तम साधनाची वाट पाहत बसू नये. आज हाताशी फोन असेल तर फोनवरच पहिले गीत घ्यावे. गाणारे आज आपल्यात आहेत.

शिक्षकांसाठी सूचना

हा पाठ दोन रविवारी घ्यावा. पहिल्या रविवारी पाठ वाचून मंडळीतील सर्वांत वयस्क अशा पाच गायकांची नावे मुलांकडून लिहून घ्यावीत. मधल्या आठवड्यात एका घरी जाऊन एकच गीत ध्वनिमुद्रित करावे. दुसऱ्या रविवारी तेच गीत आधी जसेच्या तसे, नंतर इक्वलायझर लावून आणि शेवटी मोठा घुमारा देऊन ऐकवावे. कोणत्या प्रतीत शब्द स्पष्ट कळतात, हे मुलांनीच सांगावे.

चर्चेसाठी प्रश्न

१. आपल्या मंडळीत कोणत्या गीताची चाल फक्त एक-दोघांनाच येते?

२. जतनाचे काम व शिकवणीचे काम यांत कोणते फरक आहेत? आपल्याला आधी कोणते करावयाचे आहे?

३. साठ दिवसांनंतरही चालणारे सॉफ्टवेअर पैसे न देता वापरत राहणे योग्य आहे काय? कारणे द्या.

४. दानात मिळालेले आणि चोरून मिळवलेले यांत काय भेद आहे? दाविदाच्या उदाहरणावरून काय शिकता येईल?

५. ध्वनिमुद्रणाचे काम आपल्याखेरीज आणखी कोणाला शिकवता येईल? या महिन्यात त्याची सुरुवात कशी कराल?